फ्लॅटचं टोकन देण्याआधी पाणी कसं तपासावं: पुणे परिसरात घर घेणाऱ्यांसाठी

"पाणी आहे ना?" असं सेल्स ऑफिसात विचारलं की "चोवीस तास" असं उत्तर येतं. ते बहुतेक वेळा खोटंही नसतं. वरची टाकी टँकरने भरली तरी नळाला चोवीस तास पाणी येतंच. त्यामुळे हा प्रश्न विचारून आणि उत्तर ऐकून काहीच कळत नाही, तरी जवळजवळ प्रत्येक जण तेवढाच विचारतो आणि पुढच्या खोलीची खिडकी बघायला जातो.

विचारायचे प्रश्न चार आहेत. पाणी कुठून येतं? रोज किती लिटर येतं? वर्षातले किती महिने येतं? आणि कमी पडलं की पैसे कोण भरतं? या चारांची उत्तरं तोंडी नाही, कागदावर किंवा डोळ्यांनी पाहून मिळवायची. त्यासाठी साधारण पाच आठवडे लागतात. म्हणून हे काम टोकनच्या आधी सुरू करायचं. माझ्याकडे सल्ल्याला येणारे बहुतेक लोक टोकन देऊन, गृहकर्जाची फाईल टाकून मग येतात. तोवर हातात फारसं काही उरलेलं नसतं.

खालचे टप्पे पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आजूबाजूच्या गावांसाठी लिहिले आहेत. क्रम बदलू नका. आधीच्या टप्प्यातली माहिती पुढच्या टप्प्यात लागते.

टप्पा १: घर कोणाच्या हद्दीत आहे ते आधी ठरवा

जाहिरातीतला पत्ता हद्द सांगत नाही. "हिंजवडीजवळ" म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका असू शकते, ग्रामपंचायत असू शकते, पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) परवानगी असलेली जमीनही असू शकते. या प्रत्येक ठिकाणी पाणी देणारी यंत्रणा वेगळी आहे.

१. सर्व्हे किंवा गट नंबर आणि गावाचं नाव लिहून घ्या. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकावरून दोन्ही मिळतात.

२. बांधकाम परवानगी कोणी दिली ते पाहा: पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका की पीएमआरडीए.

३. गाव पुणे महापालिकेत असेल तर ते जुन्या हद्दीतलं आहे, २०१७ मध्ये आलेल्या ११ गावांतलं आहे की २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांतलं, हे विचारा. गाव हद्दीत आलं म्हणजे जलवाहिनी आली असं होत नाही. वाघोली, सूस, म्हाळुंगे, पिसोळी अशा गावांत इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाणी त्यांच्या मागून यायचं होतं.

४. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी आहे. तिथे घर बघताना "रोज किती वेळ येतं?" असं विचारू नका. "एका पाळीत किती येतं आणि दोन दिवस पुरतं का?" असं विचारा.

> इशारा: धरण भरलं ही बातमी तुमच्या नळाची बातमी नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवतात. त्यात शेतीच्या आवर्तनांचाही (कालव्यातून पाळीने सोडायच्या पाण्याचाही) वाटा असतो. आणि शहराच्या वाट्याचं पाणी तुमच्या रस्त्यापर्यंत आणणारी वाहिनी नसेल, तर धरण काठोकाठ भरूनही तुमच्या इमारतीत टँकरच येणार.

टप्पा २: माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका

हा टप्पा लोक गाळतात, कारण उत्तराला ३० दिवस लागतात. म्हणूनच तो इतक्या वर घेतला आहे. शुल्क १० रुपये. संबंधित महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला अर्ज करा. ग्रामपंचायत असेल तर तिच्या माहिती अधिकाऱ्याला.

अर्जात मोघम प्रश्न नकोत. "या भागात पाण्याची काय परिस्थिती आहे?" याचं उत्तर एका ओळीत येतं आणि काही उपयोगी पडत नाही. असं विचारा:

- अमुक गट नंबरसमोरच्या रस्त्यावर पाण्याची वितरण वाहिनी आज कार्यान्वित आहे का? तिचा व्यास किती?
- हा भाग कोणत्या साठवण टाकीवर आहे? ती टाकी सुरू आहे का?
- गेल्या १२ महिन्यांत पुरवठ्याचं वेळापत्रक काय होतं?
- या प्रकल्पाला नळजोड मंजूर आहे का? किती व्यासाचा, किती तारखेचा?
- मंजुरी देताना विकासकाकडून पाण्याबाबत हमीपत्र घेतलं आहे का? असल्यास प्रत द्यावी.

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेची (सगळ्या भागांना सारखं पाणी देण्यासाठीच्या महापालिकेच्या योजनेची) टाकी बांधून उभी दिसते आणि एजंट तिच्याकडे बोट दाखवून सांगतो, "झालंच काम." टाकी बांधणं, तिच्यात पाणी येणं आणि तिथून तुमच्या गल्लीत वाहिनी येणं ही तीन वेगळी कामं आहेत. अर्जात तिन्ही वेगवेगळी विचारा.

टप्पा ३: योग्य महिन्यात आणि योग्य वेळी जा

आपल्याकडे दसरा-दिवाळीला बुकिंग करायची रीत आहे. त्या वेळी धरणं भरलेली असतात, बोअर भरून वाहत असतो, टँकरवाले निवांत असतात. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या पाण्याच्या दिवसांत आपण निर्णय घेतो. आम्ही आमचं पहिलं घर ऑगस्टमध्ये पाहिलं, ऑक्टोबरमध्ये पैसे भरले आणि पुढच्या मार्चमध्ये पहिल्यांदा सोसायटीच्या गेटवर टँकरची रांग बघितली. कोणी फसवलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

गुढीपाडवा ते मृगाच्या पावसापर्यंतचे दिवस पाणी तपासायला सर्वांत चांगले. घर दिवाळीत घ्यायचं असेल तरी भाग मेमध्ये फिरून ठेवा. ते जमलं नाही तर पुढचे टप्पे दुप्पट काळजीने करा.

कमीत कमी दोन फेऱ्या करा, एक सकाळी सहाच्या सुमारास आणि दुसरी रात्री नऊनंतर. टँकर याच वेळी येतात. दुपारी सेल्स ऑफिसच्या गाडीतून गेलात तर एकही दिसणार नाही.

प्रश्न कसा विचारता याला इथे फार महत्त्व आहे. वॉचमनला "टँकर येतो का?" विचारलं तर तो आधी सोसायटीचं नाव सांभाळेल. "काका, टँकर किती वाजता येतो?" असं सहज विचारलं तर तो वेळ सांगतो, आणि खरंच येत नसेल तर "आपल्याकडे नाही येत" असंही सांगतो. घरकामाला येणाऱ्या मावशींना विचारा. एका मावशी चार सोसायट्यांत काम करतात. कुठे पाणी कधी जातं, कुठे भांडी बादलीतल्या पाण्याने घासावी लागतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. गेटजवळच्या इस्त्रीवाल्यालाही विचारा.

शेजारच्या, निदान तीन वर्षं राहत्या असलेल्या दोन सोसायट्यांत जाऊन तिथल्या सेक्रेटरींना भेटा. नव्या प्रकल्पाचं भविष्य म्हणजे शेजारच्या जुन्या सोसायटीचं वर्तमान.

> तपासा: या टप्प्यानंतर तुमच्या वहीत चार नोंदी हव्यात: पालिकेचं पाणी येण्याची वेळ, टँकर कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, मेमध्ये दिवसाला किती टँकर, आणि एका टँकरचा दर. एकही नोंद रिकामी असेल तर परत जा.

टप्पा ४: कागद वाचा (नवा प्रकल्प असेल तर)

पहिला मोठा गैरसमज इथेच होतो: "परवानगी मिळाली म्हणजे पाणी असणारच." असणारच असं नाही. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीत आणि २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर पाण्याअभावी नव्या बांधकाम परवानग्यांना मुंबई उच्च न्यायालयाला अटकाव करावा लागला होता. पाणी पाहूनच परवानग्या दिल्या गेल्या असत्या तर ही वेळ आलीच नसती.

मागायचे कागद आणि त्यात काय वाचायचं:

१. पाणीपुरवठा विभागाचं पत्र. "ना हरकत आहे ना?" एवढं विचारून थांबू नका, पत्रातल्या अटी वाचा. "उपलब्धतेनुसार", "योजना कार्यान्वित झाल्यानंतर", "तोपर्यंत विकासकाने स्वखर्चाने" हे शब्द शोधा. यातला एक जरी असेल तर आज पाणी नाही असं धरा.

२. हमीपत्र. हद्दीलगतच्या अनेक प्रकल्पांना मंजुरी देताना, पालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पाणी पुरवू, असं बिल्डरने लिहून दिलेलं असतं. हा ग्राहकाच्या हाती असलेला सगळ्यात मोलाचा कागद आहे आणि तो फार थोडे लोक मागतात. सोसायटी स्थापन झाली, ताबा दिला, की टँकरचं बिल गुपचूप मेंटेनन्समध्ये येतं आणि सदस्य ते भरत राहतात. प्रत आज घ्या. सेल्स ऑफिस देत नसेल तर टप्पा २ मधल्या अर्जातून येईल.

३. पर्यावरण मंजुरीचं पत्र. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर ही मंजुरी लागते आणि पत्र परिवेश या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. त्यात पाण्याचा ताळेबंद असतो: रोजची एकूण गरज, ताजं पाणी किती, पुनर्वापराचं किती, आणि स्रोत कोणता. सेल्स ऑफिसात जे अर्ध्या तासात कळत नाही ते या तक्त्यात दोन मिनिटांत कळतं. स्रोताच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी वाचा. आकडे घनमीटरमध्ये असतात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर.

४. टप्प्यांचं वेळापत्रक. रेरा कायद्याच्या कलम ११ प्रमाणे बुकिंगच्या वेळी पाणी, सांडपाणी, वीज यांच्या सोयींसह प्रकल्पाचं टप्प्यानुसार वेळापत्रक देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. कलम १९ प्रमाणे ते जाणून घेण्याचा तुमचा हक्क आहे. ईमेलवर मागा, म्हणजे नोंद राहते.

५. जाहिरात आणि माहितीपत्रक. "मुबलक पाणी" लिहिलेलं पान जपून ठेवा, फोटोही काढा. कलम १२ मध्ये चुकीच्या जाहिरातीवर विसंबून नुकसान झालेल्या ग्राहकासाठी भरपाईची तरतूद आहे.

> इशारा: करारनामा नोंदवण्याआधी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "पाण्याचे कागद करारनाम्यानंतर देतो, आत्ता २० टक्के भरा" असं कोणी म्हणालं तर दोन्ही गोष्टींना नकार द्या.

बँकेने प्रकल्पाला कर्ज मंजूर केलं आहे, हे पाण्याबाबत काहीच सांगत नाही. बँक मालकी हक्क, परवानग्या आणि बांधकामाचं मूल्य पाहते. मेमध्ये तुमच्या स्वयंपाकघरात पाणी असेल का, हे तिचं काम नाही.

टप्पा ५: सोसायटीचे हिशेब बघा (जुना फ्लॅट असेल तर)

रीसेलमध्ये एक मोठा फायदा आहे. इथे अंदाज करावा लागत नाही, सगळं लिहून ठेवलेलं असतं. खरेदीदाराला सोसायटीचं दप्तर मागण्याचा थेट हक्क नसतो, पण विकणारा सदस्य असतो आणि सहकारी संस्था कायद्याप्रमाणे त्याला हिशेब पाहता येतात. म्हणून विकणाऱ्याला सांगा की विसार देण्याआधी मला हे हवं:

- गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. त्यात "पाणी", "टँकर", "बोअर दुरुस्ती", "सॉफ्टनर" या खात्यांवरचा खर्च वेगळा काढा.
- गेल्या दोन वार्षिक सभांचं इतिवृत्त. पाण्यावर किती वेळ चर्चा झाली ते त्यात कळतं.
- मार्च ते जून या महिन्यांची मेंटेनन्स बिलं. डिसेंबरचं बिल पाहून निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक.
- टँकरचं रजिस्टर. ज्या सोसायटीत तारीख, वेळ आणि लिटर लिहिलेलं नीट रजिस्टर आहे, तिथे टँकर येत असले तरी व्यवस्था बरी आहे असं मी समजतो.

पाण्याचा खर्च कसा वाटला जातो तेही विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे तो प्रत्येक घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार यावर वाटायचा असतो. काही सोसायट्या समान वाटतात, काही चौरस फुटांवर. दोन माणसांच्या कुटुंबाने मोठा फ्लॅट घेतला आणि वाटणी क्षेत्रफळावर असेल, तर दुसऱ्यांच्या पाण्याचे पैसे वर्षानुवर्षं भरावे लागतात.

टप्पा ६: गणित मांडा

कागद आणि वही समोर घेऊन बसा. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष धरतात. त्यातले साधारण ४५ लिटर फ्लशसाठी आणि ९० लिटर बाकी सगळ्यासाठी.

१०० फ्लॅटची सोसायटी, घरटी ४ माणसं धरा.

रोजची गरज: १०० × ४ × १३५ = ५४,००० लिटर.

समजा पालिकेकडून रोज २०,००० लिटर येतं. तूट ३४,००० लिटर. १०,००० लिटरच्या टँकरने रोज सरासरी ३.४ टँकर, महिन्याला १०२. टँकरचा दर समजा १,००० रुपये. महिन्याला १,०२,००० रुपये, म्हणजे घरटी १,०२० रुपये. तुम्हाला टप्पा ३ मध्ये मिळालेला खरा दर इथे घाला, आणि मेसाठी मेचाच दर घाला, वर्षाची सरासरी नको.

आता याच गणितात एक गोष्ट बदला. प्रकल्प नवा आहे आणि १०० पैकी ४० घरांतच माणसं राहायला आली आहेत. गरज होते ४० × ४ × १३५ = २१,६०० लिटर. येणारं पाणी २०,०००. म्हणजे तूट जवळजवळ नाहीच! तुम्ही तिथल्या रहिवाशांना विचारता, ते मनापासून सांगतात, "आम्हाला कधी टँकर लागला नाही." ते खरंच बोलत असतात. दोन वर्षांनी सगळी घरं भरली की त्याच टाकीला रोज तीन-चार टँकर लागतात. या एका कारणाने फसलेली कुटुंबं मी सगळ्यात जास्त पाहिली आहेत.

> तपासा: रात्री आठ वाजता इमारतीत किती घरांत दिवे आहेत ते मोजा. गणित नेहमी पूर्ण भरलेल्या इमारतीचं करा, आणि प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यातले टॉवर त्याच नळजोडावर असतील तर त्यांनाही धरून.

टँकरच्या पैशांना मी स्वतः इतका घाबरत नाही. ज्याने साठ-सत्तर लाखांचं घर घेतलं तो महिन्याला हजार रुपये कुरकुरत का होईना, भरेल. भीती वाटते ती ज्या दिवशी पैसे देऊनही टँकर मिळत नाही त्या दिवसाची. घरात बाळंतीण आहे, आजारी सासरे आहेत, आणि ग्रुपवर मेसेज येतो की आज पाणी फक्त सकाळी अर्धा तास. म्हणून घरटी खर्चाइतकंच, एकूण पाण्यातला किती हिस्सा टँकरवर आहे हे पाहा. वरच्या उदाहरणात तो ६० टक्क्यांच्या वर आहे. वर्षभर निम्म्याहून जास्त पाणी टँकरचं असेल आणि वाहिनीचं काम प्रत्यक्ष सुरू नसेल, तर राहण्यासाठी ते घर मी घेणार नाही आणि दुसऱ्यालाही घ्या म्हणणार नाही.

टप्पा ७: टाकी, बोअर आणि एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा) स्वतः बघा

सॅम्पल फ्लॅटमधला नळ उघडून बघणं ही पाण्याची तपासणी नाही. त्याने फक्त वरच्या टाकीत आत्ता पाणी आहे एवढं कळतं. तपासणी खाली, जमिनीच्या पातळीवर होते.

नळजोड. पालिकेची वाहिनी जिथे आत येते ती जागा दाखवायला सांगा. मीटर असेल तर आजचा आणि उद्या त्याच वेळचा आकडा लिहा. फरक म्हणजे दिवसभरात आलेलं पाणी, घनमीटरमध्ये. एक दिवसाआड पाणी असेल तर दोन दिवसांच्या अंतराने बघा. एवढी एक कृती सगळ्या आश्वासनांपेक्षा जास्त सांगते.

खालची टाकी. क्षमता विचारा. आमच्या १०० घरांच्या उदाहरणात दोन दिवसांचा साठा म्हणजे १,०८,००० लिटर. आगीसाठी राखीव टाकी यात मोजू नका. सेल्स ऑफिसात दोन्ही मिळून आकडा सांगतात, तो वेगळा करून घ्या. टँकर रिकामा करायला वेगळं तोंड आणि पाइप आहे का तेही बघा. नव्या इमारतीत ते आधीपासून बसवलेलं दिसलं, तर बिल्डरला पाण्याबद्दल स्वतःला काय वाटतं ते तुम्हाला कळलं.

बोअर. "आमच्याकडे चार बोअर आहेत" याने हुरळून जाऊ नका. पुण्याखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाड थरात राहतं, सलग साठा नसतो. एका बोअरला भरपूर लागतं आणि वीस फुटांवरचा कोरडा जातो. "दोन इंची पाणी लागलं" हा आकडा खोदण्याच्या दिवसाचा असतो. विचारायचं हे: मे महिन्यात पंप सलग किती वेळ चालतो आणि बंद पडल्यावर पुन्हा पाणी यायला किती तास लागतात? शेजारी तीन नवे टॉवर येणार असतील तर तेही याच भेगांतून उपसणार. आणखी खोल जाऊन सुटका होईल असंही धरू नका. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंधांची तरतूद आहे, आणि या कातळात खोल गेलं म्हणजे पाणी वाढतंच असं नाही.

एसटीपी. फ्लशला प्रक्रिया केलेलं पाणी वापरलं तर ताज्या पाण्याची गरज माणशी ९० लिटरवर येते. आपल्या उदाहरणातल्या सोसायटीची गरज ५४,००० वरून ३६,००० होते आणि तूट ३४,००० वरून १६,००० वर, म्हणजे निम्म्याहून कमी. म्हणून चालणारा एसटीपी हा मला जलतरण तलावापेक्षा मोठा गुण वाटतो. पण तो चालतोय का? फ्लशची पाइपलाइन वेगळी आहे का बघा. एसटीपीचं रोजचं रजिस्टर मागा, वीजबिल मागा. वीज जळत नसेल तर यंत्र फक्त दाखवायला आहे. वास फार येत असेल तरीही प्रश्न विचारा.

पाऊसपाणी संकलन. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर ते नियमानेच लागतं. पाइप गच्चीवरून निघून कुठे जातो तो शेवटपर्यंत बघा. गटारात गेलेला पाइप मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिला आहे.

टप्पा ८: पाण्याचा दर्जा

पाणी पुरेसं असलं तरी ते पिण्यालायक आहे का, हा वेगळा प्रश्न. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा विहिरींचं आणि टँकरचं पाणी अचानक सगळ्यांच्या बोलण्यात आलं. ती तपासणी घर घेण्याआधीच व्हायला हवी.

दोन वेगळे नमुने घ्या: स्वयंपाकघरातल्या नळाचा आणि बोअर किंवा टँकरचा. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून घ्या, घरची धुतलेली बाटली चालत नाही. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. कठीणपणा २०० पर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. नायट्रेट ४५ च्या वर नको. आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको.

हातातल्या पेनासारख्या टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर भरवसा ठेवू नका. तो क्षार मोजतो, जंतू नाही. १५० टीडीएसचं पाणीही दूषित असू शकतं.

टप्पा ९: भाव करा आणि करारनाम्यात लिहून घ्या

आता तुमच्याकडे आकडे आहेत, म्हणून बोलणी इथे करायची, आधी नाही. भाव कमी करून घ्या, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. पन्नास हजारांची सूट एकदाच मिळते. करारनाम्यातली ओळ दर उन्हाळ्यात कामाला येते.

करारनाम्याच्या मसुद्यात "पाणीपुरवठा ही स्थानिक संस्थेची जबाबदारी असून प्रवर्तक जबाबदार राहणार नाही" अशा अर्थाचं कलम शोधा. हमीपत्रात बिल्डरने पालिकेला जे लिहून दिलंय त्याच्या हे बरोबर उलट असतं. दोन्ही कागद समोर ठेवून वकिलांकडून कलम बदलून घ्या. नव्या ओळींत हे यावं:

१. ताब्याच्या वेळी पाण्याचा स्रोत कोणता असेल.

२. पालिकेचा नळजोड सुरू होईपर्यंत टँकरचा खर्च कोणाचा, आणि तो मेंटेनन्सच्या आगाऊ रकमेतून वळता होणार नाही.

३. हमीपत्राची प्रत करारनाम्याला जोडपत्र म्हणून.

४. टाक्यांची क्षमता लिटरमध्ये, एसटीपीची क्षमता आणि फ्लशची वेगळी पाइपलाइन.

बिल्डर "आमचा मसुदा बदलत नाही" म्हणेल. मग निदान ईमेलवर उत्तर मागा. लेखी नकारही उद्या महारेरासमोर उपयोगी पडतो. रीसेलमध्ये विकणाऱ्याकडून पाण्याची थकबाकी आणि विशेष वर्गणी बाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र घ्या, आणि नवी पाइपलाइन किंवा बोअर यांसाठी वर्गणी ठरली आहे का ते विचारा. सभेत मंजूर झालेली वर्गणी तुमच्या नावावर येते.

टप्पा १०: ताब्याच्या दिवशी

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (इमारत वापरायला परवानगी असल्याच्या दाखल्याशिवाय) किल्ली घेऊ नका. ते नसलेल्या इमारतीला नियमित नळजोड मिळवताना सोसायट्यांची वर्षं गेली आहेत.

त्या दिवशी पालिकेच्या मीटरचा तारखेसह फोटो काढा. मीटरच नसेल तर तसं ताबापत्रावर लिहा. खालच्या टाकीचं झाकण उघडून आत बघा. गेटवरच्या रजिस्टरमध्ये गेल्या आठवड्यात किती टँकर आले ते पाहा, पानाचा फोटो घ्या. दूषित पाण्याचा संशय असेल तर टाकी धुऊन, नव्या नमुन्याचा अहवाल आल्याशिवाय ते पाणी पिण्यासाठी वापरू नका.

आणि सोसायटी स्थापन होऊन हस्तांतरणाची बैठक लागेल तेव्हा हमीपत्राची ती प्रत घेऊन जा. बैठकीच्या इतिवृत्तात तिचा उल्लेख लिहून घ्या, टँकरचं बिल सोसायटीच्या नावावर वळण्याच्या आधी.